कुणी राहिलंय का?

१

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. गळ्याची शपथ. पुलाच्या मुकादमानं ती मला स्वतःच्या तोंडानं सांगितली. म्हणजे मला नाही, टोलखिडकीतल्या पावतीबाईला सांगितली, आणि तिनं मला. पावतीबाई थापा मारत नाही. मारते, पण फक्त सुट्टे नाहीत म्हणून सांगताना. तो पूल तर मी डोळ्यांनी पाहिलेला आहे, त्यावरून कितीदा गेलो त्याला हिशेब नाही. बसच्या खिडकीला डोकं टेकून, झोपेत, हे कबूल. तेव्हा गोष्ट खरीच. फक्त एक तुकडा मी पदरचा घातलाय, तो कुठला ते शेवटी सांगतो. आधीच ओळखलात तर मनात ठेवा.

पूल बंदर मंडळाचा. म्हातारा, लोखंडी, आणि म्हाताऱ्या माणसासारखाच कुठून ना कुठून कुरकुरणारा. त्याच्या मधला भाग जहाजांसाठी वर उचलता येतो. तिथले कामगार त्या भागाला झाकण म्हणतात. झाकण वर जायचं तर मागच्या टोकाला तेवढंच वजन हवं. म्हणून रस्त्याच्या पोटात एक खोल खोली आहे आणि तिच्या छताला एका लहान घराएवढा काँक्रीटचा ठोकळा लटकतो. झाकण वर गेलं की ठोकळा खाली उतरतो आणि ती खोली गच्च भरून टाकतो. उंदराला उभं राहायला जागा उरत नाही. त्या खोलीला म्हणतात विहीर.

आता विहिरीत कुणी असताना झाकण उचललं तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून दोन रिवाज होते. पहिला खिळ्याचा. मुकादमाच्या केबिनमध्ये, झाकण उचलायच्या दांड्याच्या बरोब्बर वर, भिंतीत एक जाड खिळा. विहिरीत उतरणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला त्या खिळ्याला लटकवायचा, मग तो साधा वंगणवाला असो नाहीतर साहेब. बिल्ला लटकतोय तोवर दांड्याला हात नाही.

दुसरा रिवाज हाकेचा. गाड्या थांबल्या, फाटकं पडली की मुकादमानं चालत झाकणाच्या मधोमध जायचं, उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात विचारायचं, "कुणी राहिलंय का?" मग गप्प उभं राहून ऐकायचं. आधीच्या मुकादमानं त्याला हे शिकवलं तेव्हा बजावलं होतं, की हाक मारायला कुणाच्या बापाचं काय जातं, ऐकायचा तेवढा कंटाळा करू नकोस.

पुढे मंडळानं पुलावर कॅमेरा बसवला आणि हाकेची गरज संपली, असं पत्र आलं. मुकादमानं पत्र वाचलं, घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं आणि हाक मारायला गेला. इतक्या वर्षांत त्या हाकेला उत्तर म्हणून कधी काही आलं नव्हतं. आलं तर वारा आणि पाण्याचा आवाज.

२

उत्तर आलं ते एका रखरखीत दुपारी.

वाळूचं जहाज यायचं होतं. मुकादम मधोमध गेला, विचारलं, "कुणी राहिलंय का?"

"आहे," कुणीतरी म्हणालं.

आवाज घाबरलेला नव्हता, खोलही नव्हता. शेजारच्या खोलीत कामात गुंतलेला माणूस मान वर न करता बोलतो ना, तसा होता. म्हणूनच मुकादमाला आधी काही वाटलं नाही. तो "बरं" म्हणून तीन-चार पावलं परत चालला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण कुणाला बरं म्हणालो.

त्यानं कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. खाली होडी नव्हती. मागे पुढे पाहिलं. फाटकाबाहेर गाड्यांची रांग, आणि पहिल्या टेम्पोतला ड्रायव्हर दात कोरत बसलेला. केबिनमध्ये आला, खिळ्याकडे पाहिलं. खिळा मोकळा. तरी बापडा लोखंडी जिना उतरून विहिरीच्या दारापर्यंत गेला, दार ढकललं, आत डोकावला. अंधार, ओल, वंगणाचा वास, वर तो लटकता ठोकळा. कुणी नाही.

जहाजानं भोंगा दिला. त्यानं वर येऊन दांडा ओढला. झाकण वर गेलं, जहाज गेलं, झाकण खाली आलं. कुठे काही अडलं नाही, कुठे काही चिरडलं नाही. तेव्हा तो मनाशी म्हणाला, कान वाजले असतील. भोंग्यांनी त्याचे कान तसेही निकामी व्हायला आलेच होते.

३

घरी, म्हणजे पुलालगतच्या मंडळाच्या दोन खोल्यांत, त्यानं बायकोला सांगितलं. ती इस्त्री करत होती.

"अहो, मी स्वयंपाकघरातून तासभर ओरडते तेव्हा तुम्हाला ऐकू येत नाही," ती म्हणाली, "आणि तिथे रिकाम्या पुलावरचं बरं ऐकू आलं."

"तेच तर म्हणतोय."

"बाईचा आवाज होता?"

"बाप्याचा."

"मग असू दे," म्हणून तिनं शर्टाची कॉलर उलटी केली.

हसण्यावारी नेलं खरं, पण इस्त्री बाजूला ठेवून ती हळूच म्हणाली की हे बाहेर कुठे बोलू नका. कारण दोघांनाही ठाऊक होतं. कानानं अधू झालेल्या माणसाच्या हाती मंडळ दांडा ठेवत नाही. नसलेले आवाज ऐकू येणाऱ्याच्या हाती तर मुळीच नाही. दांडा गेला की दोन खोल्या गेल्या. गुपचूप डॉक्टरांना दाखवलं; त्यांनी कानात बत्ती घालून पाहिलं आणि निदान केलं, वय. ऐकू कमी येतं हा वयाचा गुण, आणि नाही ते ऐकू येतं हाही वयाचाच. मुकादमाला बरं वाटलं. जे सगळ्यांनाच होतं त्यात भिण्यासारखं काय.

मग पुढच्या खेपेला उत्तर आलं ते असं: "आहे, आहे."

दोनदा. थोडं वैतागून. न्हाणीघराची कडी वाजवल्यावर आतला माणूस म्हणतो, तसं.

४

या वेळी तो विहिरीत नीट उतरला. बिल्ला खिळ्याला लावून, बॅटरी घेऊन.

विहिरीत जाणं त्याला कधीच आवडायचं नाही. डोक्यावर घराएवढं वजन लटकतंय आणि त्याला धरून ठेवणारं लोखंड आपल्या जन्माआधीचं आहे, हे तिथे विसरता येत नाही. त्या लोखंडाच्या दुरुस्तीसाठी मंडळाचा तरुण इंजिनिअर वर्षानुवर्षं निधी मागत होता. वर्षानुवर्षं वरून उत्तर यायचं की विषय विचाराधीन आहे, तूर्त रंग द्यावा. टोलचा पैसा पुलावर जमायचा आणि धक्क्यावर खर्च व्हायचा. पुलाच्या वाट्याला रंग. रंगावर रंग बसून तो पूल जाडजूड झाला होता.

भिंतींतून पाणी झिरपत होतं. ठोकळा पोचत नाही अशा दारालगतच्या कोनाड्यात पाणी उपसायचा पंप होता, तो बंद. पंपाशेजारी, कोनाड्यातच, वंगणाचा रिकामा डबा पालथा घातलेला. वंगणवाले विडी ओढायला त्याच्यावर बसतात. मुकादमानं चारी कोपऱ्यांत बॅटरी फिरवली. दाराच्या मागे पाहिलं. कुणी नाही म्हणजे नाही. गुडघे दुखत होते म्हणून क्षणभर टेकावं, असं वाटून त्यानं डबा पुसायला हात लावला.

डबा गरम होता.

भाजण्याइतका नव्हे. बसमध्ये कुणी उठून जातं आणि आपण त्या सीटवर बसतो, तेव्हा लागते ना, तेवढीच ऊब. पंपाच्या मोटारीची धग असेल, त्यानं स्वतःला समजावलं. जिना चढताना त्याला आठवलं की मोटार सकाळपासून चालूच केलेली नाही. जिन्याच्या उरलेल्या पायऱ्या तो त्याच्या गुडघ्यांना न शोभेल अशा वेगानं चढला.

वर पावतीबाई खिडकीत बसली होती. ही बाई म्हणजे एक प्रकरण होतं. त्या पुलावर पायी जाणाऱ्यालाही टोल पडायचा. तिच्या खिडकीशेजारी एक फिरतं लोखंडी फाटक होतं, नाणं ठेवा आणि फाटक ढकलून जा. तिनं आयुष्यात कुणाला फुकट सोडलं नव्हतं. एकदा मंडळाच्या अध्यक्षांनाच, ते पाय मोकळे करायला उतरले तेव्हा, तिनं थांबवलं होतं आणि त्यांना ड्रायव्हरकडून नाणं मागून आणावं लागलं होतं.

"मुकादम, तोंड का असं?" तिनं विचारलं. त्यानं न राहवून सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. तिनं फक्त विचारलं, तो त्रास देतो का. मुकादम म्हणाला, नाही, विचारलं की आहे म्हणतो, बस.

"मग खरं बोलणारा माणूस आहे," पावतीबाई म्हणाली. "इथे तेवढेसुद्धा कमी."

५

आणि मग कळलं की अध्यक्ष येणार.

पुलाचं काय करायचं याचा निकाल लावायला मंडळ जातीनं येणार होतं. मंडळासमोर झाकण उचलून दाखवायचं. सुरळीत उचललं तर दुरुस्तीचा निधी. अडलं किंवा उशीर झाला, तर पूल कायमचा बंद, मुकादम आणि पावतीबाई दोघं घरी. इंजिनिअरनं मुकादमाला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, त्या दिवशी काही वेडंवाकडं नको." मुकादमानं मान डोलावली. बायकोनं त्याला आदल्या दिवशी बजावलं, की उद्या कानात काही का येईना, या कानानं ऐकायचं आणि त्या कानानं सोडायचं. त्यानं तिलाही मान डोलावली.

वंगणाला ज्यांच्याकडे कधी पैसे नव्हते त्यांनी दोन दिवसांत रंगारी धाडले. पूल रंगला, फाटकं रंगली, केबिन आतून-बाहेरून पांढरीशुभ्र झाली. मंडळाचे हेडक्लार्क स्वतः देखरेखीला. भिंत कशी आरशासारखी दिसली पाहिजे, हा त्यांचा ध्यास; त्यात दांड्यावरचा तो गंजका खिळा त्यांच्या डोळ्यांत खुपला. त्यांनी तो उपटायला लावला आणि भोक लांबीनं बुजवून घेतलं. मुकादम तेव्हा फाटकापाशी होता.

त्या सकाळी मंडळ यायच्या थोडं आधी इंजिनिअरला वाटलं, अध्यक्षांनी जुन्या लोखंडाबद्दल काही विचारलं तर तोंडपाठ हवं. तेवढ्यात एक नजर टाकून येऊ. तो केबिनमध्ये आला. मुकादम अध्यक्षांच्या गाडीला वाट दाखवायला गेलेला. इंजिनिअरनं सवयीनं बिल्ला भिंतीकडे नेला, तर खिळाच नाही. घाईत त्यानं तो टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि खाली उतरला.

थोड्या वेळानं हेडक्लार्क केबिनवर शेवटची नजर फिरवायला आले. टेबलावर पसारा दिसला. त्यांनी तो एका हातानं गोळा करून खणात सारला, आणि खण लावून घेतला.

६

गाड्या थांबल्या. फाटकं पडली. बंदराकडून मंडळाचीच एक मोठी बोट निघाली आणि पुलासमोर येऊन भोंगा देऊ लागली. अध्यक्ष केबिनमध्ये उभे, सोबत दोन-चार कोटवाले. पांढऱ्या भिंतीचं कौतुक झालं. मुकादमाला दांड्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. तोंडातला दात पडल्यावर जीभ सारखी तिथेच जाते, तशी त्याची नजर त्या भिंतीवर जात होती. पण इतक्या माणसांत त्याला ते उमगलं नाही.

हेडक्लार्क म्हणाले, कॅमेऱ्यात सगळं मोकळं आहे, उचला. मुकादम म्हणाला, हाक मारून येतो. कोटवाले एकमेकांकडे बघून हसले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि हातानं जा म्हणून खूण केली.

तो मधोमध उभा राहिला. नव्या रंगाचा वास येत होता. मनातून तो आधीच परत फिरला होता. या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडायचं.

"कुणी राहिलंय का?"

काहीच नाही. वारा. त्यानं सुटकेचा श्वास घेतला आणि पाठ फिरवली.

"आहे हो," मागून आवाज आला. या वेळी त्या माणसानं जणू मान वर केली होती. "आम्ही आहोत."

मुकादम केबिनमध्ये परत आला तेव्हा त्याचा चेहरा भिंतीशी स्पर्धा करत होता. सगळ्यांनी वाट करून दिली. त्यानं दांड्याकडे पाहिलं, समोर भोंगा देणाऱ्या बोटीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मी उचलणार नाही."

अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, का. मुकादम म्हणाला, खाली कुणीतरी आहे.

"कोण आहे?"

"ते माहीत नाही साहेब. पण आहे म्हणतोय."

"कुणाला म्हणतोय?"

"मला."

कोटवाल्यांपैकी एकजण मोठ्यानं हसला. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी विचारलं, असं किती दिवस चाललंय. आणि त्या प्रश्नातला सूर ऐकून मुकादमाला कळलं की दोन खोल्या गेल्या. आता गेल्याच आहेत, तर निदान खाली जाऊन बघू या, असं त्याला वाटलं. हेडक्लार्क दांड्याकडे सरकताना दिसले, तेव्हा त्यानं दांड्याची किल्ली फिरवून काढली, खिशात घातली आणि जिन्याकडे धावत सुटला.

७

विहिरीचं दार त्यानं ढकललं, तर आत पंप धडधडत होता आणि उजेड होता.

ठोकळ्याच्या बरोबर खाली, ओल्या फरशीवर पालथा पडून, इंजिनिअर फरशीलगतच्या एका जुन्या कडीचा तडा मान तिरकी करून बघत होता. पंपाच्या आवाजानं डोकं उठू नये म्हणून त्यानं कानांत कापसाचे बोळे घातले होते. मुकादमानं त्याचा पाय धरून ओढला, तेव्हा कुठे त्यानं वळून पाहिलं.

"काका, तुम्ही इथे? मग वर कोण आहे?" आणि मग त्याच्या लक्षात सगळं येत गेलं. त्यानं वर ठोकळ्याकडे पाहिलं. तो घाईघाईनं उठला.

पुढे मुकादम, मागे इंजिनिअर, असे दोघं बाहेर पडले. जिन्यावरून मुकादमानं सहज वळून पाहिलं. इंजिनिअर उंबऱ्याबाहेर आला होता. पण ते जड दार त्यानं सोडलं नव्हतं. मागच्या माणसाला लागू नये म्हणून आपण धरून ठेवतो, तसं एका हातानं धरून तो जरासा बाजूला झाला होता. एक क्षण गेला. मग त्यानं दार सोडलं.

आत पंपाचा आवाज चालू होता. उजेड मात्र नव्हता.

वर केबिनमध्ये, पाणी पिऊन झाल्यावर मुकादमानं विचारलं. दाराशी कुणासाठी थांबला होता?

"तुमचा माणूस होता ना," इंजिनिअर म्हणाला. "मी बॅटरी न्यायला विसरलो, खाली पोचल्यावर कळलं. तो डब्यावर बसला होता. उठून माझ्या मागे बॅटरी धरून उभा राहिला, मी कानांत बोळे घालायच्या आधीच. मला वाटलं तुम्हीच पाठवला."

"चेहरा?"

"मी पालथा होतो, काका. उजेड नीट पडत होता, मी दुसरं काही बघितलं नाही."

हेडक्लार्कांनी तेव्हा टेबलाचा खण उघडला. आत बिल्ला होता. त्याच्याशेजारी इंजिनिअरची बॅटरी.

अध्यक्षांनी त्या गुळगुळीत पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. मग खुर्चीत बसले, आणि पाणी मागितलं.

८

निधी मंजूर झाला. नुसता मंजूर नव्हे, मिळालासुद्धा. आणि ही गोष्ट खोटी वाटत असेल तर माझा इलाज नाही. कडी बदलली, लोखंड बदललं, विहिरीत दिवे आले. पुलाच्या अंदाजपत्रकात सगळ्यांत वरचं काम अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: खिळा, एक. मुकादमाच्या दोन खोल्या राहिल्या. बायकोनं त्याच्यासाठी श्रवणयंत्र आणायला लावलं आणि ते तो फक्त पुलावर जाताना लावतो, अशी तिची तक्रार आहे.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या जहाजाला तो मधोमध गेला आणि विचारलं, "कुणी राहिलंय का?" मग उभा राहिला. नेहमीपेक्षा जरा जास्तच. वारा होता, पाणी होतं, लांबवर एक टेम्पो हॉर्न देत होता. कुणी उत्तर दिलं नाही. मुकादमाला इतकं हलकं वाटलं की तो परत येताना शीळ घालत होता. बाहेर पडायचं होतं ते पडलं, असं त्याला वाटतं, आणि मलाही.

कारण मंडळ आलं होतं त्या दिवशी पावतीबाईनं पाहिलं. सगळे केबिनमध्ये खणाभोवती जमले होते, फाटकं पडलेली, तिच्या बाजूला चिटपाखरू नव्हतं. तिच्या खिडकीशेजारचं फिरतं फाटक कुरकुरलं, हळूहळू एक फेरा फिरलं आणि थांबलं. कुणीतरी पूल सोडून गेलं. आणि जिनं अध्यक्षांना सोडलं नव्हतं ती पावतीबाई गप्प बसून राहिली. जाऊ दे बिचारा, इतकी वर्षं आत होता, याचा टोल माफ, असं म्हणाली.

तर रचलेला तुकडा तो हा. फाटक फिरलं ते खरं. टोल तिनं माफ केला, ते मी घातलं. गोष्टीचा शेवट गोड व्हावा म्हणून. ती बाई सख्ख्या भावाला सोडत नाही. ती सवयीप्रमाणे खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली होती, "ओ, टोल कोण देणार?"

आणि मग तिचं लक्ष खिडकीच्या फळीवर गेलं. तिथे नाणं ठेवलेलं होतं. ओलं होतं, आणि त्याच्यावर वंगणाचं बोट उमटलेलं.